पेठेला उतरलेल्या तारा

"तारा माणसाला लावायच्या असत्यात बाबू, माणूस तारांना न्हाई लावायचा."

हे वाक्य आबांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि गिटार शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक मुंबईहून टपालाने मागवून बसलो होतो. गिटार मात्र नव्हती. एवढ्याशा भांडवलावर माणूस किती शहाणा होऊन बसतो, ते मला स्वतःवरून चांगलं ठाऊक आहे.

आबा मूळचे कुरवंड्याचे. लोणावळ्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर राखणदार होते. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा बंगला मुंबईच्या कुणा शेटजींनी घेतला आणि गिटार आबांच्या वाट्याला आली. ना पुस्तक, ना गुरू. साहेब व्हरांड्यात वाजवत बसला की हे खाली पायरीवर बसून ऐकायचे, तेवढीच शाळा. या वाद्याच्या तारा कशा लावायच्या याचा जगात काही नियम आहे, हेच त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी सरळ बायकोला जात्यावर बसवलं. ती ओवी गाऊ लागली, तशी एकेक खुंटी पिळत सहाच्या सहा तारा तिच्या गळ्याला लावून घेतल्या. गिटारीला ते 'सायबाचा तंबोरा' म्हणायचे.

लोणावळ्याची ओल कुणाला सोडत नाही. पावसाळाभर तो तंबोरा चुलीच्या वरच्या फळीवर, घोंगडीत गुंडाळून. वाजवायला घ्यायचा तर आधी हात धुवायचे, धोतराला पुसायचे, मग लाकडाला कान लावून डोळे मिटून थोडा वेळ नुसतंच बसायचं. मी एकदा विचारलं, "आबा, ऐकताय काय? अजून वाजवलीच नाहीत की." तर म्हणाले, "त्याचं काय म्हननं हाय त्ये बघतुया."

कान मात्र विलक्षण होता, हे त्या वयातही मला नाकारता आलं नाही. घाटातून येणाऱ्या इंजिनाची शिट्टी ऐकून सांगायचे, "कालचं न्हाई ह्ये, दुसरं हाय." धक्क्यावर जाऊन बघावं तर खरंच दुसरं. आमच्या मोठ्या बाबूंना एकदा रस्त्यात थांबवून म्हणाले, "सायेब, घरी जावा. तुमचा आवाज उतरलाय, सांजच्याला ताप येनार." मोठे बाबू भडकले, काय वाटेल ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज आला, हिवताप. कुरवंड्याच्या भजनी मंडळाची वीणा आबांशिवाय दुसऱ्या कुणी लावायची नाही असा तिथला रिवाजच होता. आठवड्याला तीन कोस जाऊन-येऊन ते वीणा लावून यायचे. भजनाला थांबायचे नाहीत. म्हणायचे, "लावून दिली. आता तुमी आन देव बघा."

आबांची बायको, मावशी म्हणायचो मी त्यांना. अंगाने अगदी काडी. लग्न होऊन आल्यापासून दहा-बारा वर्षं त्यांनी एका ठेकेदाराच्या खाणीवर खडी फोडली होती. ती धूळ छातीत बसली होती. चार पावलं चालल्या की भिंत धरायच्या, आणि श्वास घेतला की आतून चाळणीत खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरने साफ सांगितलं होतं की यावर औषध नाही, जपायचं. जपायचं म्हणजे काय, ते आबांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. मावशींचा गळा जसजसा उतरत जाईल तसतशा ते तारा उतरवत न्यायचे. जोर लावून वर चढायची पाळी तिच्यावर येऊच द्यायची नाही.

आणि त्यांना घाईही होती. एकुलत्या एका लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आबांच्या घरात हळद जात्यावर दळताना पहिली ओवी नवरीच्या आईनेच म्हणायची. आई नसेल तर गोष्ट वेगळी. असून गायली नाही तर बायका काय म्हणतील ते म्हणोत, पण मावशींनाच ते सहन झालं नसतं. "येक ओवी, आबा," त्या नवऱ्याला आबाच म्हणायच्या, "येक म्हनली की मी मोकळी." त्यांनी ती स्वतः जुळवून ठेवली होती:

हळद दळते बाई, हात झालं पिवळं,
लेकीच्या वाटंवर ऊन पडू दे कवळं.

दोन ओळी. तेवढ्या दोन ओळी एका दमात पार पडाव्यात म्हणून त्या घरात सगळी खटपट चालली होती, आणि तिच्या मधोमध मी पुस्तक घेऊन जाऊन बसत होतो.

आता माझी पंचाईत ऐका. दिवाळीनंतर मी शिकायला लागलो तेव्हा आबांनी तारा ज्या सुराला लावल्या होत्या त्याला ते 'कुरवंडं' म्हणायचे. मोकळ्या तारांवरून हात फिरवला की आपोआप गोड सूर उमटायचा. एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून वरखाली सरकवलं की झालं. माझ्या पुस्तकातल्या आकृत्यांत चार-चार बोटांच्या कसरती होत्या, त्यातली एकही इथे लागू पडेना. बरं, म्हटलं, पुस्तक ठेवा बाजूला. दोन महिने घासून घासून बोटांच्या शेंड्यांना घट्टे पाडले आणि कुरवंडं बसवलं. संक्रांतीला गेलो, बोट ठेवलं, तर भलताच सूर.

"आबा, हे काय केलंत?"

"कुसगाव केलं. तिला कुरवंड्याचा चढ झेपंना."

नुसत्या साऱ्या तारा सारख्या उतरवल्या असत्या तर माझ्या बोटांना फरक पडला नसता. पण जाड तारा फार सैल केल्या की लोंबतात आणि लाकडावर खडखडतात. म्हणून आबा त्या जाग्यावर ठेवायचे आणि षड्ज उचलून दुसऱ्याच तारेवर नेऊन बसवायचे. झालं! काल जिथे घर होतं तिथे आज विहीर. मी पुन्हा श्रीगणेशा केला. कुसगाव कसंबसं हाताला यायला लागलं तोवर होळीला आबांनी तिसराच मांड मांडला होता.

"आता ही कुठली?"

"पेठ."

तिकोणा पेठ हे मावशींचं माहेर. वरून कुरवंडं, मग कुसगाव, मग खाली मावळात उतरत उतरत तिकोण्याच्या पायथ्याला पेठ. माझं डोकं फिरलं होतं. मी खवचटपणे विचारलं, "आणि पेठेच्या खाली काय हो?"

आबांनी तारेखाली बांबूची कामटी सरकवली, तार झणझणायची थांबली का ते पाहिलं आणि मग म्हणाले, "खाली मग पवना. नदी हाय."

आत मावशींनी ऐकलं असणार. त्या हसल्या आणि हसता हसता खोकत राहिल्या.

पण पेठेत मावशी गायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बसल्या जागी, भिंतीला पाठ टेकून, बोलल्यासारख्या गायच्या. आबांचा आडवा हात तारांवरून हळू फिरायचा आणि ओळीतला सगळा भार तो तंबोराच वाहायचा. मावशींनी फक्त शब्द ठेवायचे. दोन ओळी पुऱ्या व्हायच्या. मग आबा माझ्याकडे असं बघायचे, की बघ बाबू, तुझ्या पुस्तकात आहे का हे? आणि मी करंटा तेव्हा काय विचार करत होतो? की हे शास्त्रशुद्ध नाही.

कारण मध्यंतरी मी एक सुरांची शिट्टी मागवली होती. बोटभर लांबीची, सहा भोकांची. एकेका भोकातून गिटारीच्या एकेका तारेचा पक्का सूर. ती आबांना दाखवली तर त्यांनी फुंकून बघितली आणि परत दिली. "चांगली हाय. पन ह्यात कुनाचा आवाज हाय?" असं विचारणाऱ्या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

लग्नाला आठ दिवस उरले तसे आबा-मावशी कुरवंड्याला राहायला गेले. घरात पाहुणे, पोरंटोरं, कुणी तारांशी खेळलं तर काय घ्या. आबांनी गिटार माझ्या खोलीवर आणून ठेवली. "हळदीच्या दिशी सकाळच्याला घेऊन या. पेठंला लावलीया. खुंट्यांना हात लावू नका, बाबू. येवढंच सांगतो."

मी म्हटलं, "छे, हात कशाला लावीन?"

दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. सहा महिने पुस्तक कोरंच पडलं होतं. अख्खी गिटार पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या ताब्यात होती. शिट्टी फुंकली, खुंट्या पिळल्या आणि पुस्तकाबरहुकूम तारा चढवल्या. पहिल्या धड्यातली इंग्रजी चाल वाजवली तेव्हा मला जो आनंद झाला तो आजही आठवतो, आणि आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. चार दिवस मी ऑफिसातून पळत घरी यायचो.

हळदीच्या दिवशी सकाळी तारा पुन्हा पेठेला लावायला बसलो. कुठली तार कुठे बसते ते मला पाठ होतं. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, हे सगळं जमलं असतं. पण सुरुवातीचा षड्ज कुठला? मावशींच्या गळ्यातला तो सूर मला आठवेचना. म्हटलं, शिट्टीवर शोधू. शिट्टीवर तो नव्हता. दोन भोकांच्या मधे कुठेतरी होता. खालचा घ्यावा तर तारा अगदीच लोंबकळत होत्या. वरचा घेतला. अजून खरं सांगायचं तर वरचा घेताना मला बरंही वाटलं. मंगल कार्य आहे, चार लोक ऐकणार, तारा जरा खणखणीत नकोत? कुरवंड्याला जाऊन आबांना विचारता आलं असतं, वेळ होता. पण मग खुंट्यांना हात लावल्याचं उघड झालं असतं.

कुरवंड्याला पोचलो तेव्हा जात्याला आंब्याचे डहाळे बांधून झाले होते. बायका गोल बसलेल्या. बाहेर पोरांनी हलगी अशी धरली होती की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आबांनी गिटार घेतली, धोतराला हात पुसले, लाकडाला कान लावला. त्यांनी तारांवरून एकदा हात फिरवला. तारा एकमेकींशी बरोबर जुळलेल्या होत्या, वर चढल्या होत्या त्या सगळ्या मिळून, आणि त्या हलगीच्या गदारोळात ते कळणार कुणाला? आबा माझ्याकडे बघून हसले. "जपून आनलीत," म्हणाले.

मावशींनी जात्याच्या खुंट्याला हात लावला. जाऊबाईंनी समोरून धरलं. हलगी थांबवली. आबांनी सूर दिला आणि मावशींनी तो घेतला. सहा महिने त्या तारांच्या मागून चालत आल्या होत्या. तारा नेतील तिकडे जायचं, ही सवयच लागली होती. पहिली ओळ गेली. कशी गेली ते त्यांच्या गळ्याच्या शिरा बघून मला कळलं. आबांनाही त्याच क्षणी कळलं. त्यांचा हात तारांवर थांबला, पण मावशी थांबल्या नाहीत. "लेकीच्या वाटंवर..." एवढं म्हणाल्या आणि आवाज फुटला. मग खोकला आला. तो थांबेना. ओठ निळे पडले. लेक पाटावरून उठून आईपाशी धावली, बायकांनी तिला धरून बसवलं. मावशींना उचलून आत नेलं.

मुहूर्त थांबवता येत नाही. जाऊबाईंनी एक दुसरीच ओवी म्हटली आणि जातं फिरलं.

आबा तिथेच गिटार मांडीवर घेऊन बसले होते. त्या संध्याकाळी मी जेवायला थांबलो नाही.

लग्नानंतर चार दिवसांनी आबांचा निरोप आला. बंगल्यामागच्या त्यांच्या खोलीवर गेलो. मावशी कोपऱ्यात उशांना टेकून बसलेल्या, डोळे उघडे. आबांच्या पुढ्यात गिटार. त्यांनी तारांवरून हात फिरवला.

"आयका, बाबू. ही पेठ न्हाई. ही कुसगावच्या बी वर हाय."

मी ऐकल्यासारखं केलं.

"तुमी खुंट्यांना हात लावला न्हवता न्हवं?"

रागाने नाही विचारलं. खरंच, अगदी साधं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "छे छे, आबा! तुम्ही दिलीत तशीच आणली."

"मंग माज्या हातनंच झालं," आबा म्हणाले. "देताना पेठ म्हनून भलतंच लावलं. कान गेला माजा."

"आवो जाऊ द्या," मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या. एकेक शब्द श्वासावर तोलून. "कार्य पार पडलं न्हवं?"

मला अजून वेळ होता. तिथे, त्या खोलीत, दोघांसमोर. मी चहा घेतला आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून उठलो.

मावशी ज्येष्ठात गेल्या. डॉक्टर म्हणाला, ओवी म्हटली नसती तरी महिना-दोन महिनेच होते. मी ते वाक्य पुष्कळ दिवस औषधासारखं घेतलं. पण माझा गुन्हा मावशींच्या मरणाचा नव्हताच. त्यांची एवढी एकच ओवी होती, ती मी बुडवली. आणि ज्या माणसाकडे त्याच्या कानाखेरीज दुसरं काही नव्हतं, त्याचा कान मी काढून घेतला.

आबांनी बंगल्याची नोकरी सोडली. कुरवंड्याला भजनी मंडळाची माणसं वीणा घेऊन आली तर हात जोडून म्हणाले, "दुसऱ्याकडनं लावून घ्या. माजा कान खोटा निघाला." लोकांना वाटलं बायकोच्या दुःखात आहेत, निवतील. नाही निवले. वीणा कुणीतरी वेडीवाकडी लावायचं, आबा ओट्यावर बसून ऐकायचे, आणि चुकतंय हे कळत असूनही स्वतःलाच खोटं पाडायचे. मला हे मंडळातल्या एकाने धक्क्यावर सांगितलं. इंजिनाची शिट्टी झाली की आधी ते मान वर करायचे, आता खाली घालतात, असंही म्हणाला.

वर्षभराने माझी बदली भुसावळला झाली. जाण्याआधी एका रविवारी दुपारी मी कुरवंड्याला गेलो तो सांगायलाच. वाटेत वाक्य घोकत गेलो: आबा, खुंट्यांना मी हात लावला होता. चढावर दोनदा थांबलो, दोनदा ते मोठ्याने म्हणून पाहिलं.

आबा अंगणात होते. वाळले होते फार. मला बघून उठले. "या बाबू! तुमी आला त्ये लय बेस झालं, न्हाई तर मीच येनार हुतो." आत गेले आणि घोंगडीत बांधलेली गिटार घेऊन आले. "ही घेऊन जावा. माज्याकडं नगं. तुमचा कान खरा हाय."

"आबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की. बसा आधी." आणि आत हाक मारली, "आगं ये, ताक आन. बाबू आल्यात."

लेक माहेरपणाला आली होती. पेला घेऊन बाहेर आली. पोटात मूल होतं, सातवा-आठवा महिना असेल. आबा तिला म्हणाले, "ह्ये बाबू. तुज्या हळदीला ह्यांनीच तंबोरा जपून आनला हुता. ह्यांनी काय बी कसूर केली न्हाई. कसूर माजी. पाया पड."

ती एका हाताने पोट सावरून वाकली. वाकताना तिला त्रास होत होता ते दिसत होतं.

मी म्हणालो, "सुखी राहा, बाळ."

आबांनी विचारलं, "काय सांगनार हुता?"

"बदली झाली, तेच," मी म्हणालो. ताक प्यालो, घोंगडीसकट गिटार उचलली आणि उतरायला लागलो.